नंबराआधी लावलेला फलक

लाखेचा वास. कोंबडीची पिसे. एक शून्य. हळदीने पिवळे झालेले गाल.

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, मित्रांनो. सध्या पालथा आहे. दर्यापूरला वली सरांच्या अंगणात मी खुराड्याचे छप्पर आहे. अक्षरे खाली आहेत, ते बरे आहे.

कापूस पडत्या भावाने जायचा, ती वर्षे. जिब्रान पेंटरने मला रंगवले : ‘बिनव्याजी पतसंस्था’. खाली ‘नोंदणी क्रमांक’, आणि पुढे कोरी जागा.

“नंबर आला का भरतो,” तो म्हणाला.

व्याज घेणे हराम, म्हणून सरांनी ही संस्था काढली. दागिना तारण ठेवायचा, घेतले तेवढेच फेडायचे, कचेरीचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. लोकांनी मला पाहिले आणि दागिने आणले. मला अभिमान वाटायचा.

नोंदणीसाठी सर अमरावतीला खेपा घालत. परत येऊन माझ्याखाली सांगत, “साहेब म्हन्ते, व्याजाचा दर लिवा. म्या शून्य लिवलं. तं म्हन्ते, सर, ही पतसंस्था नाही, फुकट जेवनाचा भंडारा हाय!”

सगळे हसत. मीही.

मग कोणीतरी तक्रार केली. नोंदणी नाही, म्हणून कचेरीच्या कुलपावर सरकारी लाखेचे सील बसले. दागिने आत.

वच्छलाबाई फुले विकायच्या. हातगाडीसाठी त्यांनी सोन्याची माळ ठेवली होती. कर्ज फिटले होते. माळ तेवढी न्यायची राहिली होती.

“सर, माह्या गीतांजलीले हळद लागली. माळ द्या ना.”

“सील हाय, बाई. हात लावला तं गुन्हा.”

त्यांनी माझ्यावरच्या कोऱ्या जागेकडे बोट केले. “इथं काय लिवाचं होतं?”

“नंबर.”

“मंग नंबराआंधी बोर्ड काहून लावला?”

सरांच्या बायकोने, नगमाबींनी, गळ्यातली साखळी काढली. “ही घाला पोरीले.”

“मागून आनली म्हन्तीन लोक. राहू द्या, भाबी.”

गीतांजली झेंडूच्या माळेत बोहल्यावर उभी राहिली. पावसाळ्यानंतर सील निघाले, ज्याचा दागिना त्याला मिळाला. संस्था पुन्हा उघडली नाही. मला उतरवताना सरांनी वर पाहिले नाही.

मित्रांनो, शून्यालाही कायद्यात जागा मागा. चिकाटीने मागा. पण ती मिळेपर्यंत माझ्यासारख्याला खिळा ठोकू नका. लोक कोरी जागा वाचत नाहीत. वरची मोठी अक्षरे वाचतात.

मला भिंतीवर चढवले, त्या दिवशी नारळ वच्छलाबाईंनी फोडला होता.