दोन इंच जास्तीचा ओटा

ताहिराला राग आला की ती आधी गप्प होई, मग भांडी आपटी आणि मग तोंड उघडी. त्या दिवशी पहिल्या दोन पायऱ्या तिने गाळल्या.

"काढून टाका म्हणजे? परवाच तर घातलाय!"

"चौदा इंच भरतोय, मॅडम," टेप गुंडाळत नंदकुमार म्हणाला. कुवेतच्या एगैला भागात ताहिरा राहत होती त्या व्हिलांच्या ऑफिसचा हा इंजिनिअर, नाशिकचा. "बारा इंचांच्या आत असेल तर जुन्या ओट्याच्या जागी नवा घालायला परवाना नको. वर गेला की हवा. रविवारपर्यंत परवाना आणा, नाहीतर काढा."

परवान्याला सही लागते घरमालकाची, आणि मालक मार्चपर्यंत परदेशात. मार्चनंतर कुवेतच्या अंगणात बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं.

बसायचं होतं ताहिराच्या सासऱ्यांना. खुब्याचं हाड मोडल्यापासून अब्बा चाकाच्या खुर्चीत. मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा हीच काय ती त्यांची बाहेरची दुनिया. त्याच्याही फळ्या उन्हाने तडकून मोडल्या आणि थंडीतला एक अख्खा महिना ते खोलीत कोंडून राहिले.

नवा ओटा घातला रत्नागिरीच्या सुतार सर्फराजभाईंनी. लाकूड जमिनीपासून उंच हवं, नाहीतर पाण्याने कुजतं, हे त्यांच्या हातातच मुरलेलं. कुवेतात वर्षाला चार सरी पडतात हे त्या हाताला कोण सांगणार! पण त्या चुकीनेच ओटा थेट उंबऱ्याला टेकला आणि अब्बा कुणी न उचलता, स्वतः चाकं फिरवत बाहेर आले. किती दिवसांनी हसले होते ते!

"हात तसाच गेला माझा, भाबी," सर्फराजभाई ओशाळून म्हणाले. "पाय कापू काय दोन इंच?"

"करवत लावून तर बघा!" ताहिरा नंदकुमारकडे वळली. "तुमचा नियम वाचा. मोठ्याने, सगळा."

त्याने कागद उघडला. "लगतच्या जमिनीपासून वरच्या फळीपर्यंत बारा इंच."

"जमिनीपासून ना? ठीक. या रविवारी."

शुक्रवारी सर्फराजभाईंनी अम्गऱ्याच्या बांधकाम-सामानाच्या बाजारातून पिकअपभर वाळू आणली. या देशात वाळू विकत आणावी लागली म्हणून ताहिराचा संताप आणखीच चढला. अंगणभर तीन इंच थर पसरला, पाणी मारून घट्ट चोपला.

रविवारी नंदकुमारने टेप लावला. पुन्हा लावला.

"अकरा," तो पुटपुटला.

"वाळूला परवाना लागतो?"

"तसं... लिहिलेलं नाही."

"बूट झाडून वर ये रे बाबा," अब्बांनीच त्याला बोलावलं. "चहा घे."

ताहिराने चहा आणला आणि कप असा आदळला की निम्मा बशीत सांडला. तिकडे अब्बा खुर्ची वळवून उंबऱ्यावरून आत गेले आणि तसेच परत बाहेर आले.

"बघितलंस? आता मला कुणाला हाक मारावी लागत नाही."

नंदकुमार मान खाली घालून बशीतला चहा प्यायला.