डाळिंबी कॉड्रा

ढोलवाल्याने भिजलेला कोट शेगडीशेजारच्या खुर्चीवर वाळत घातला आणि आपण बाजूच्या खोलीत जाऊन आडवा झाला. जाग आली तेव्हा कोटाच्या पाठीला ताटाएवढं भोक पडलेलं होतं. तो कोट घेऊन तो ताईच्या शिवणकामाच्या दुकानात आला, टेबलावर पसरला आणि म्हणाला, "बघा, काही होतंय का."

"यात काय बघायचं? यातून तर पलीकडची भिंत दिसतेय," ताई म्हणाली.

गावातल्या बँडचे बारा कोट ताईच्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी शिवले होते. गर्द डाळिंबी रंगाचा, जाड रेघांचा, मखमलीसारख्या लवेचा कॉड्रा. वडील गेले, शिवणाचं दुकान ताईकडे आलं, आणि दुकानाबरोबर या बारा कोटांची डागडुजीही गळ्यात पडली. बटणं तुटली, कोपरं झिजली, वाजवणाऱ्यांची पोटं सुटली, सगळं तिने निभावून नेलं. पण अख्खी पाठ नवी घालायची तर तसंच कापड हवं, आणि तसलं कापड बाजारातून कधीच गेलं होतं. तिने बँडमास्तरांना हे समजावून पाहिलं. ते म्हणाले, "वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तीन आठवड्यांवर आलंय. अकरा एका रंगाचे आणि एक भलत्याच, हे मला चालायचं नाही. तसं असेल तर ढोलवाल्याने घरी बसावं."

ढोलवाल्याचं तोंड एवढंसं झालं. ते बघून ताई बोलून गेली, "थांबा. मी शहरातून आणते कापड."

बोलून गेली आणि अडकली.

शहरात तिची धाकटी बहीण राहत होती. सगळे तिला चिमी म्हणत, पन्नाशीला आली तरी. एका विमा कचेरीत वीस वर्षं नोकरी करत होती, एकटीच होती. फोनवर तिचा उत्साह नुसता उतू जात होता. "ताई, अगं इथे जुन्या कपड्यांची, जुन्या कापडांची दुकानंच दुकानं आहेत! तू फक्त शनिवार-रविवार काढून ये. मी यादी करून ठेवते."

यादी चौदा दुकानांची निघाली. चिमीच्या फोनवर होती, प्रत्येकापुढे लोकांनी दिलेल्या चांदण्या. ताईने पिशवीत कोटाच्या जळलेल्या पाठीचा एक धड तुकडा, कात्री, सुईदोरा आणि टेप घेतली होती. "सव्वा मीटर हवंय, बस्स," ती म्हणाली. "दुपारपर्यंत काम होईल."

पहिल्या दुकानाच्या जागी व्यायामशाळा निघाली. काचेतून माणसं जागच्या जागी धावताना दिसत होती. "आम्हीही तेच करतोय," ताई म्हणाली, पण चिमीचं लक्ष फोनमध्ये होतं.

दुसऱ्या दुकानात अत्तराचा असा घमघमाट होता की ताईला शिंका आवरेनात. जुने कपडे म्हणून जे टांगले होते ते कोरे करकरीत होते. फक्त गुडघ्यांवर फाडलेले आणि दगडावर घासल्यासारखे. ताईने एका पँटचा गुडघा हातात धरला आणि सवयीने म्हणाली, "हे आतून जाळी लावून रफू होईल." दुकानातली मुलगी घाबरली. "नको हो, बाई! ती फाटलेली आहे म्हणूनच तर तेवढ्याची आहे."

"म्हणजे शिवली तर स्वस्त होईल?"

"मग ती कोण घेणार?"

ताईने पँट परत टांगली. आयुष्यभर ठिगळं लावत आले, ती सगळी उलटी कमाई झाली म्हणायची, असं तिच्या मनात आलं.

तिसऱ्या ठिकाणी जुनी खेळणी निघाली. चिमी तिथे किल्लीच्या बदकापाशी पंधरा मिनिटं रमली. "इथे कापड कुठाय?" ताईने तीनदा विचारलं. "जुन्या वस्तू म्हणून सगळं एकत्रच दाखवतात गं," चिमी बदक चालवत म्हणाली.

चौथं दुकान मात्र खरंच कापडाचं होतं. जमिनीपासून आढ्यापर्यंत तागे रचलेले. ताईच्या जिवात जीव आला. कापडवाल्याने तुकडा बघितला, न बघितल्यासारखा, आणि भराभर तागे उलगडायला लागला. विटकरी, किरमिजी, जांभळा. एकही कॉड्रा नाही.

"अहो, मला रेघांचं हवंय."

"रेघा कोण बघतं? रंग बघा ना."

"रंगही हा नाही."

"दोन धुण्यांत होईल."

"आणि रेघा? त्या किती धुण्यांत येतील?"

कापडवाला मनापासून हसला आणि त्याने पिवळ्या रंगाचा तागा उलगडला. म्हणे, एकदा बघून तर घ्या. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते ताईला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत आठ दुकानं झाली. पायांचे तुकडे पडले होते. घरी गेल्यावर चिमीने गरम पाण्याची बादली तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "उद्या आणखी सहा आहेत!" जणू काही सहा लाडू उरले होते.

रविवारी सकाळी पहिलंच दुकान बंद. दारावर पाटी होती: 'फक्त मंगळवार, अकरा ते एक. मालकांची तब्येत बरी असल्यास.' दुसरं दुकान सापडलंच नाही. फोन म्हणत होता, तुम्ही पोहोचलात. समोर एक विजेचा खांब होता आणि खांबाला बांधलेली सायकल. चिमी खांबाभोवती एक प्रदक्षिणा घालून आली.

आता ताईचा तोल सुटला.

"चिमे, तू वीस वर्षं या शहरात राहतेस ना?"

"राहते."

"मग या चौदातलं एक तरी दुकान कधी आतून बघितलंयस? एक?"

चिमीने एकदा फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"मग कशाच्या जोरावर मला वणवण फिरवतेयस? तुझ्या त्या फोनला सगळं ठाऊक, आणि तुला काही नाही. माझे दोन दिवस गेले, पाय गेले, आणि हातात काय? विजेचा खांब!"

रस्त्यातली दोन माणसं थांबून बघायला लागली. चिमीने फोन पर्समध्ये टाकला. तिचा आवाज चढला नाही, तेच ताईला जास्त लागलं.

"घर, बस, कचेरी. रविवारी धुणं. दुसरं काय बघणार मी इथे? यादी मी जेवणाच्या सुट्टीत बसून केली, आठवडाभर. तू येणार म्हणालीस म्हणून."

"अगं पण चौदा?"

"चारच सांगितली असती तर तू शनिवारी दुपारच्या गाडीने परत गेली असतीस." चिमीने नाक पुसलं. "नऊ वर्षं तू इकडे फिरकली नाहीस, ताई. मी घर बदललं तेव्हा आली नाहीस. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आली नाहीस. ढोलवाल्याचा कोट जळला तेव्हा आलीस."

दुकान सोडता येत नाही, शिवणं अंगावर असतात, हे सगळं खरं होतं आणि सगळं ताईने फोनवर दर वेळी सांगितलेलं होतं. राग तर गेला नव्हता. पण आता कुणावर काढायचा तेच कळेना.

"म्हणजे ते खेळण्यांचं दुकान..."

"ते मी मुद्दाम घातलं. फोटोत छान दिसत होतं."

"धन्य आहे तुझी," ताई म्हणाली. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "पुढचं कुठाय? चल. इतकी झाली तशी आणखी चार."

पुढचं दुकान एका गल्लीत, तीन पायऱ्या उतरून खाली होतं. जुने कोट, फ्रॉक, हॅट, हातमोजे, आणि इथेही अत्तराचा वास. दारात शोभेला एक हाताने चालवायचं शिवणयंत्र ठेवलेलं. दुकानदार चाळिशीचा, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा डोक्यावर. ताईने तुकडा पुढे केला. चष्मेवाल्याने मान हलवली. "कापड नाही ठेवत आम्ही. फक्त कपडे."

ताई वळली, आणि तिथेच थबकली. कपडे घालून बघायच्या कोपऱ्याला पडदा लावला होता. गर्द डाळिंबी. जाड रेघांचा. तिने तुकडा पडद्याला लावला आणि चिमीला हाक मारली. चिमीलासुद्धा तुकडा कुठे संपतो ते दिसेना.

"हा पडदा द्या," ताई म्हणाली.

"पडदा विकायचा नाही."

"सव्वा मीटर कापून द्या."

"अहो बाई, दुकानाचं सगळं वातावरण त्या पडद्यावर आहे."

"वातावरण नाही, धूळ आहे. उलटा लावलाय तुम्ही. लव वरच्या बाजूला चढतेय, म्हणून सगळी धूळ धरून बसलाय तो." ताईने पडद्यावरून हात फिरवून तळवा दाखवला. काळा झाला होता. चष्मेवाल्याने एक चष्मा काढला, दुसरा लावला, आणि म्हणाला, "तरीही विकायचा नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. ताईला वाटलं, आता इथेच पायरीवर बसावं आणि मोठ्याने रडावं.

तेवढ्यात पडद्याआडून चर्रकन आवाज आला, आणि पाठोपाठ बाईमाणसाचा दबका आवाज. "अहो, कुणी आहे का? मी अडकलेय."

ताई आत शिरली. एक धिप्पाड बाई हिरव्या रेशमी फ्रॉकमध्ये दोन्ही हात वर करून उभी होती. फ्रॉक ना खाली येत होता, ना वर जात होता. काखेतली शिवण उसवली होती. "फाटला का हो?" बाईने आतूनच विचारलं.

"शिवण गेलीय, कापड शाबूत आहे. हलू नका. श्वास सोडा." ताईने कात्रीने दुसऱ्या बाजूचे चार टाके उसवले आणि केळ्याचं साल काढावं तसा फ्रॉक वर काढून घेतला. मग तो उलटा करून उजेडात धरला. जुन्या शिंप्याने आत दोन्ही बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती. वडील म्हणायचे, आज कुणासाठी शिवतोय ते महत्त्वाचं, पण उद्या तो माणूस जाड होणार हेही लक्षात ठेवावं.

"वाढवता येईल," तिने पडद्याबाहेर तोंड काढून सांगितलं. "ते यंत्र चालतं का?"

"ते शोभेचं आहे," चष्मेवाला म्हणाला.

"तेल आहे?"

तेल नव्हतं. चिमी धावत गेली आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून बाटलीच्या बुचात थोडं तेल घेऊन आली. यंत्र आधी कण्हलं, मग कुरकुरलं, मग चाललं. चिमीने चाक फिरवलं, ताईने कापड सोडलं. लहानपणी वडिलांच्या दुकानात करायच्या तसं. अर्ध्या तासात फ्रॉक बाईच्या अंगात गेला आणि श्वास घेऊनही तसाच राहिला. बाईने आरशापुढे तीन गिरक्या घेतल्या, फ्रॉक अंगावरच ठेवला आणि आपले आधीचे कपडे पिशवीत घालून, पैसे चुकते करून निघून गेली.

चष्मेवाल्याने यंत्राचं चाक स्वतः एकदा फिरवून पाहिलं. "हे चालतं, मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. मग मागच्या कोठीतून एक जाडजूड निळी चादर घेऊन आला. "याचा पडदा शिवून द्या, आणि तो घेऊन जा. पण सरळ लावून द्या हं. लव का काय ते बघून."

"चादरीला लव नसते," ताई म्हणाली, पण चादर घेतली.

ताई गावी परतली ती सोमवारी सकाळच्या गाडीने. रविवारची संध्याकाळची तिने सोडून दिली. त्या संध्याकाळी दोघींनी पुन्हा खेळण्यांच्या दुकानात जाऊन बदक आणलं.

पडदा तिने दोनदा धुतला, वाफ दिली, लव बघून पाठ कापली आणि नऊ दिवसांत कोट उभा केला. बँडमास्तरांनी तो खिडकीपाशी नेला, इतर अकरांच्या शेजारी धरला, नाक जवळ नेलं, आणि खूप शोधून एक खोट काढली: "जरा अत्तराचा वास येतोय." ताईने त्यांच्या हातातून कोट काढून घेतला आणि तडक ढोलवाल्याच्या अंगात घातला.

उद्घाटनाला चिमी आली. रजा टाकून, आदल्या दिवशीच. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बाराजण ओळीने उभे होते, ढोल मध्यभागी. वाजवणं सुरू झालं तशी ती ताईच्या कानाशी लागली, "नवी पाठ कुठली गं? थांब, सांगू नकोस, नुसतं बघून ओळखते." वादक वळून इमारतीकडे चालू लागले, बाराच्या बारा पाठी समोर आल्या. चिमीने सनईवाल्याकडे बोट दाखवलं.

"नाही."

तिने झांजवाल्याकडे दाखवलं.

"अगं, जळला ढोलवाल्याचा होता! तूच नाही का त्या खांबापाशी मला सुनावलंस? डोळे आहेत की बटणं?"

"पण ती तर अगदी जुनीच वाटतेय," चिमी म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या हाताने चिमीचा दंड धरून गर्दीतून तिला पुढे ओढलं, जवळून दिसावं म्हणून.