बाहेर थांबा

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की बिघाड दिसला की आधी लिफ्ट बंद करायची, दारावर पाटी लावायची आणि मगच हात घालायचा. बाळ झाल्यापासून सात आठवडे बायको गप्प गप्प होती, तेव्हा मी तिच्या बाबतीतही तेच केलं.

स्वयंपाक मी, बाळाची, आमच्या ढब्बूची, आंघोळ मी. दूध पाजून झालं रे झालं की ढब्बूला उचलून नेणाराही मीच. "तू पड," एवढंच तिला सांगायचो. ती पडायची, पण झोपायची नाही. माझ्या आईचा फोन यायचा, "आम्ही काय बाळंत झालो नाही का? डोक्यावर बसवून ठेवलंयस तिला." मी आईवर खेकसायचो आणि दुप्पट जोराने भांडी घासायचो.

परवा कपाटात तिची पिशवी सापडली. दोन जोड कपडे, चष्मा, फोनचा चार्जर. बाळाचं एकही कापड नव्हतं. दवाखान्यात फोन केला आणि आज नर्सबाई घरी आल्या.

"झोप लागते का?" त्यांनी तिला विचारलं.

"जेमतेम तीन तास," मी म्हणालो.

"जेवण?"

"निम्मं ताटातच राहतं."

"रडू येतं?"

"आंघोळ करताना. नळ सोडून रडते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाळंत तुम्ही झालात का?"

"नाही."

"मग बाहेर थांबा जरा."

मी ढब्बूला उचलायला वाकलो. "त्याला राहू दे," बायको म्हणाली. सात आठवड्यांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

जिन्यात चार पायऱ्या वर, चार खाली, असं चाललं होतं माझं. आत ढब्बू रडायला लागला. मी बेलवर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मग रडणं थांबलं, तेव्हा तर जीव टांगणीलाच लागला. नंतर तिचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

अर्ध्या तासाने तिनेच दार उघडलं. डोळे सुजलेले, ढब्बू खांद्यावर.

"पिशवीचं सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "तू सगळंच करतोस. मला वाटायचं, मी गेले तरी याचं काही अडणार नाही."

"अगं, मी तर तुला आराम..."

"ऐक ना."

मी आत येऊन दार लावलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचंय. तू चल. पण तिथे मी बोलणार."

"बरं."

नर्सबाई गेल्यावर तिने ढब्बूचा लंगोट बदलला. वाकडा बांधला, एका बाजूने गळणार हे दिसत होतं. माझे हात शिवशिवत होते. ते पाठीमागे बांधून मी उभा राहिलो.

पिशवी अजून भरलेलीच आहे. संध्याकाळपासून दहादा कपाट उघडून बघितलं, पण तिला हात लावला नाही.