मागचं डावं चाक

गाडीत आता ताकद वाढवणारा टर्बो बसवायचा की चाकांना ती ताकद वाटून देणारा डिफरन्शियल बदलायचा, यावर वीरधवल आणि सिद्धू मिस्त्री दोन महिने फोनवर भांडत होते. गाडी निळी, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार; वीरधवलने पुण्याच्या एका डॉक्टरकडून वापरलेलीच आणली होती. पलूसमध्ये त्याचं ठिबकच्या साहित्याचं दुकान होतं. दुकान सांभाळून तो दरवर्षी गाडीत एक सुधारणा करायचा. पहिल्या वर्षी सायलेन्सर झाला, दुसऱ्या वर्षी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रिमॅपिंग. हे तिसरं वर्ष.

गळीत हंगाम संपला की कारखान्याचं उसाच्या गाड्यांचं यार्ड ओस पडतं. मे महिन्यात तिथं ऑटोक्रॉस भरायची. नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि शर्यत घड्याळाशी. गेल्या साली वीरधवल अकरावा आला होता. यंदा त्याला पहिल्या तिनात यायचं होतं.

सिद्धू मूळचा दहिवडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मुंबईत पंधरा वर्षं हात काळे करून त्याने साताऱ्यात गॅरेज टाकलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो सरावाला मुद्दाम पलूसला आला. गाडी पळताना बघितल्याशिवाय तो कुठलाच निर्णय देत नसे.

वीरधवलने चार फेऱ्या मारल्या. टायर किंचाळले, धुरळा उडाला. सगळ्यात चांगली वेळ अठ्ठावन्न पूर्णांक दोन सेकंद.

"ताकद कमी पडतीया," खाली उतरत तो म्हणाला. "टर्बोच बसवू."

"दादा, वळणावर गाडी निसटतीया. ताकद वाढवून आणखीच निसटंल," सिद्धू म्हणाला. "डिफरन्शियल आधी."

तेवढ्यात वीरधवलचे वडील स्कूटरवरून आले. आईने, शालूबाईंनी, दोघांसाठी भाकरीचा डबा धाडला होता. लालासाहेब सदुसष्ट वर्षांचे, सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तिकडे ते ड्रायव्हर होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. दोन वर्षांत ते या गाडीत एकदाही बसले नव्हते. "बसायचं का झोपायचं रं हिच्यात?" म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

डबा कठड्यावर ठेवून त्यांनी पाचवी फेरी उभ्यानेच बघितली. गाडी थांबल्यावर म्हणाले, "मागचं डावं चाक नाचतंय."

"आवं, टायर नवं हाय सुभेदारसाहेब," सिद्धू हसला.

"टायरचं न्हाई म्हनत मी. बसू का शेजारी?"

वीरधवलला नवल वाटलं. त्याने दार उघडलं. लालासाहेब एक पाय आत, एक बाहेर असे अडकले. मग दोघांनी मिळून त्यांना आत बसवलं. संपूर्ण फेरीभर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. घाबरले असतील, असं वीरधवलला वाटलं. फेरी संपली तसे ते म्हणाले, "आता तू हिकडं बस. मी चालवतो."

"आबा, लय वेगळी गाडी हाय ही."

"चाकं चारच हायती न्हवं?"

पहिली फेरी त्यांनी वळणं बघत बघत मारली. दुसरी जरा मोकळी. तिसऱ्या फेरीत वीरधवलला वाटलं, गाडी बिघडली असावी, कारण आवाजच येत नव्हता. टायर ओरडत नव्हते, अंग इकडून तिकडे फेकलं जात नव्हतं. वळण यायच्या आधीच आबांचा पाय ब्रेकवर अलगद टेकायचा, आणि वळणात गाडी जणू स्वतःच्याच मनाने शिरायची. ही फेरी नक्कीच हळू गेली, असं तो धरून बसला.

सिद्धूने घड्याळ पुढे केलं. अठ्ठावन्न पूर्णांक सहा.

लालासाहेबांनी मुलाची वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "अर्ध्या सेकंदासाठी येवढा आरडाओरडा करतोस व्हय रं?"

सिद्धू मात्र हसला नाही. तो जॅक घेऊन गाडीखाली शिरला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना तेल लागलं होतं. मागच्या डाव्या चाकाचा शॉकॲब्सॉर्बर गळत होता, जवळजवळ मेलाच होता.

"माझी चूक," तो सरळ म्हणाला. "फेब्रुवारीत गाडी माझ्याकडं हुती. मी इंजिनातच डोकं घालून बसलो. ह्याच्यावर टर्बो टाकला असता तर गाडी कुठंतरी कठड्यावर गेली असती." मग त्याने लालासाहेबांना विचारलं, "तुमाला डोळं मिटून कसं कळलं?"

"बुडाला कळतंय की," लालासाहेब म्हणाले, आणि डबा सोडायला बसले.

त्या दिवशी टर्बो आणि डिफरन्शियल दोन्ही बाजूला पडले. चारही शॉकॲब्सॉर्बर चांगल्यातले टाकायचे ठरले. पुढच्या आठवड्यात ते बसवायला बापलेक साताऱ्याला गेले. काम व्हायला दुपार झाली. परत येताना हायवेवर वीरधवल गाडी चालवत होता. गाडी कशी स्थिर चालली होती! कराडच्या पुढे त्याने विचारलं, "आबा, सैन्यात तुमी ट्रक चालवत हुता न्हवं?"

"सुरवातीला. मग ॲम्ब्युलन्स. लडाखला."

"कवा सांगितलं न्हाई."

"त्यात काय सांगायचं? मागं जखमी पोरं असायची. रस्ता म्हंजे नुसतं दगड. गाडीला धक्का बसला की मागनं आवाज यायचा. त्यो आवाज येऊ द्यायचा न्हाई, येवढंच माझं काम. एका चाकानं दगा दिला तर मागच्याला आधी कळायचं, मग मला." त्यांनी बाजूची काच खाली घेतली. "एक विजापूरकडचा पोरगा हुता. कमरंत गोळी. सहा तास आणला त्याला. दवाखान्यात उतरवताना मला म्हनतो, अण्णा, वाटंत मला झोप लागली हुती. मला मिळालेलं मेडल म्हंजे त्येच."

वीरधवलने गाडीचा वेग थोडा कमी केला. आपल्याला पाचव्या वर्षी सायकल, सोळाव्या वर्षी ट्रॅक्टर, विसाव्या वर्षी जीप याच माणसाने शिकवली. आणि त्याला काय येतं ते आपण कधी विचारलंच नाही, हे त्याला लागलं.

मग दर रविवारी लालासाहेब शेजारी बसू लागले. ते थोडंच बोलायचे. "ब्रेक लवकर सोड." "नजर फुडच्या कोनावर ठेव, ह्या न्हाई." दोन सेकंद कमी झाले. इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी वीरधवल तिसरा आला. पहिल्या दोन्ही गाड्यांना टर्बो होते. बक्षीस देताना संयोजकांनी माइकवर विचारलं, "यंदा गाडीत काय नवीन बसवलंत?"

"साताऱ्याच्या सिद्धू मिस्त्रींनी शॉकॲब्सॉर्बर बसवले," वीरधवल म्हणाला, "आणि शेजारच्या सीटवर माझे वडील, नायब सुभेदार लालासाहेब. जे काही आलं ते त्यांच्यामुळं आलं."

टाळ्या झाल्या. सिद्धूने जोरात शिट्टी मारली. लालासाहेबांनी मात्र यातलं काहीच ऐकलं नव्हतं. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ते पाण्याच्या टँकरवाल्याला टायरमधल्या हवेवरून झापत होते. वीरधवल ढाल काखेत मारून तिथवर चालत गेला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडला.

"आरं उठ, पँट मळंल," लालासाहेब गडबडून म्हणाले. पण त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात त्यांनी लगेच काढला नाही.