एल्डाआत्याचं आतलं पाकीट

आमदारकीच्या निवडणुकीत लोरेन फेन्स्टरमाकरला मतं पडली नऊ हजार तीनशे सहा. डेनिस याब्लॉन्स्कीलाही नऊ हजार तीनशे सहाच. आम्ही तीनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना निदान एक तरी चूक व्हावी अशी मी मनातून आशा धरली होती, पण नाही झाली. काउंटीच्या निवडणूक कार्यालयात मी चार वर्षं नोकरी करतोय. इतकं अचूक काम आमच्या हातून पहिल्यांदाच झालं आणि नेमका त्याचाच सगळ्यांना राग आला.

उरलं होतं एक पाकीट. टपालाने आलेलं, वेळेत आलेलं, सही केलेलं. सहीशेजारी मतदाराने हाताने तारीख घालायची असते. तिथे लिहिलं होतं, १४ मार्च १९४३.

पाकीट एल्डा फेन्स्टरमाकरचं. ती शीप हिलच्या टोकाला एकटी राहते. लोरेनची सख्खी आत्या, म्हणून सगळ्या गावाची आत्या.

नियमाप्रमाणे तारीख चुकली की मत बाद. या नियमावरून राजधानीत वर्षभर भांडण चाललं होतं. लाल पक्षाचे आमदार म्हणत, तारीख नाही तर मत नाही. निळ्या पक्षाचे म्हणत, पेनाच्या एका फराट्यासाठी माणसाचं मत मारता काय. लोरेन लाल, डेनिस निळी. आणि आत्या भाच्याला सोडून कुणाला मत देणार, हा हिशेब तर कुणीही करेल. त्यामुळे विधानसभेची चार जणांची समिती आमच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये चौकशीला आली, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांची भाषणं पाठ करून आल्या होत्या.

आत्याला समन्स होतं. तिला आणायला मी गाडी घेऊन गेलो.

"नेव्हिन, ते पाकीट उघडणार का रे तुम्ही?" तिने बसल्या बसल्या विचारलं.

"ते समिती ठरवेल, आत्या."

"उघडलं तर त्या एकाच मतावर निकाल. म्हणजे मी कुणाला दिलं ते सगळ्या काउंटीला कळणार."

"तसंच दिसतंय."

 तिने मांडीवरची खारट प्रेट्झेल-बिस्किटांची पिशवी उघडली.

"लोरेन हिवाळ्यात उजाडायच्या आत येऊन माझा रस्ता साफ करतो. पाऊण मैल बर्फ. एक दिवस चुकला नाही. आणि डेनिस दर गुरुवारी औषधाचं दुकान बंद करून माझ्या हृदयाच्या गोळ्या घेऊन वर येते. रस्ता बंद झाला तर गोळ्या येणार कशा? आणि गोळ्या बंद झाल्या तर रस्ता साफ करून काय करू, शवपेटी खाली न्यायला?"

मी गाडी चालवत राहिलो.

"मी कुणाला दिलं असेल, सांग बघू."

"मला विचारायची परवानगी नाही, आत्या."

"पण विचारावंसं वाटतंय."

"फार."

"प्रामाणिक आहेस. प्रेट्झेल घे."

हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या बिंगोच्या खेळाची टेबलं तशीच होती. लालवाल्यांकडून बोलायला आमदार ड्वाइट कुन्ट्सेलमन होते. ते एरवी गुरांचा लिलाव पुकारतात. निळ्यांकडून आमदार मार्लीन प्रोकॉप, निवृत्त मुख्याध्यापिका. उरलेले दोघे मान हलवायला आले होते आणि ते त्यांनी दिवसभर मनापासून केलं.

"नियम म्हणजे नियम," प्रोकॉपबाई म्हणाल्या. "या तारखेनुसार मतदाराने जन्माच्या दिवशीच मतदान केलंय. त्या दिवशी त्यांचं वय शून्य होतं."

"वय हा तपशील झाला," कुन्ट्सेलमन म्हणाले.

"मतदानाचं वय अठरा आहे, ड्वाइट."

"एका म्हाताऱ्या बाईचा हक्क तुम्ही तारखेवरून काढून घेणार? लोकशाही म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?"

हे वाक्य प्रोकॉपबाईंच्या फेब्रुवारीतल्या भाषणातलं होतं. ते म्हणत होते तेव्हा बाईंचेही ओठ बरोबरीने हलत होते.

मग आत्याला विचारलं, ही तारीख का घातली.

"तिथे तारीख घाला असं छापलं होतं," आत्या म्हणाली. "दवाखान्यातल्या कागदावरही छापलेलं असतं. तिथे हीच चालते."

कुन्ट्सेलमनना वाटलं, आता एक खिळा ठोकून टाकावा. "एल्डाबाई, तुमचा भाच्यावर जीव आहे ना?"

"आहे की. एप्रिलच्या बर्फात त्याने बर्फ ढकलायच्या गाडीच्या फाळाखाली माझा रूबार्बचा वाफा घातला, चाळीस वर्षांचा, तरीसुद्धा आहे."

 रूबार्ब म्हणजे गोडात घालायचे आंबट लाल देठ, आणि आमच्याकडे त्यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत. कुन्ट्सेलमननी दहा मिनिटांची सुट्टी मागितली.

परत आल्यावर ते म्हणाले की खोल विचारांती त्यांना तारीख महत्त्वाची वाटू लागली आहे. प्रोकॉपबाई म्हणाल्या की त्यांना वाटेनाशी झाली आहे. दोघांनाही आपापली मूळ भाषणं परत मिळाली, त्यामुळे तासभर काम झकास चाललं.

मग प्रोकॉपबाईंना राहवेना. "डेनिस तुमची किती काळजी घेतात ते जरा सांगाल?"

"गुणी पोर आहे. माझी बीटच्या रसात नि व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी तेवढी तिला आंबट लागली. फार आंबट, असं म्हणाली. चर्चच्या जेवणात. सगळ्यांसमोर."

पुन्हा दहा मिनिटं सुट्टी.

जेवणानंतर कागदांची इतकी सरमिसळ झाली होती की कुन्ट्सेलमन सलग चार मिनिटं स्वतःच्याच विरुद्ध बोलले आणि मान हलवणाऱ्यानेही हलवली. शेवटी चौघेही थांबले आणि टेबलावरच्या पाकिटाकडे बघत बसले. मत कुणाला दिलंय याचा अंदाज आता कुणालाच नव्हता. मीही बघत होतो. लोरेन आणि डेनिस पहिल्या रांगेत होते, तेही बघत होते.

"मतदान घेऊ या," प्रोकॉपबाई म्हणाल्या. 

तारीख ग्राह्य धरून पाकीट उघडावं, यावर चार विरुद्ध शून्य. इतिवृत्तात मी 'सखोल विचारविनिमयानंतर' असं लिहिलं. खरं म्हणजे चौघांनाही बघायचं होतं.

आत्याने पिशवीची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुरी घेतली. लोरेन उठून उभा राहिला. डेनिसने डोळे मिटले. मी बाहेरचं पाकीट कापलं.

मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या पाकिटात घालायची असते आणि ते पाकीट बाहेरच्यात, म्हणजे नाव आणि मत एकत्र दिसत नाही. माझ्या हातात आली ती नुसती मतपत्रिका, चार घड्या घातलेली. आतलं पाकीट नव्हतंच.

याला आमच्याकडे उघडं मत म्हणतात. ते मोजायचं नाही आणि त्याची घडीही मोडायची नाही. राजधानीत एवढ्या एका नियमावर मात्र भांडण नाही.

"जरा उजेडात धरलं तर," कुन्ट्सेलमन म्हणाले.

"हात मागे घ्या, साहेब," मी म्हणालो. माझाही हात उजेडाकडेच निघाला होता, तो मी खाली घेतला.

"एल्डाबाई," प्रोकॉपबाईंनी विचारलं, "आतलं पाकीट कुठं गेलं?"

"ते होय? चांगलं जाड पाकीट होतं. टोमॅटोचं बी ठेवलंय त्यात."

 आमच्या काउंटीत प्रत्येकाच्या घरी बियांच्या पाकिटांचा असा एक खण असतो. प्रोकॉपबाई हळूच म्हणाल्या, "माझी आईपण ठेवायची," आणि फाईल मिटली.

समसमान झालं की चिठ्ठी टाकायची असा कायदा आहे. चिठ्ठ्यांसाठी सारखी भांडी मिळेनात म्हणून बिंगोचे आकडे घातलेले गोळे फिरवायचा पिंजरा काढला. मोठा आकडा जिंकणार की लहान, यावर दीड तास गेला. मोठा, असं ठरलं. लोरेनला बारा आला, डेनिसला सदुसष्ट. अशा रीतीने आमच्या भागाला आमदार मिळाला.

जानेवारीत मत बाद झाल्याचं रीतसर पत्र पोचवायला मी शीप हिलवर गेलो. मतदाराची सही घेऊन यायची असते. आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलं होतं, पण रस्ता खरवडून काळा केलेला होता. रूबार्बच्या वाफ्याभोवती चार खुंट आणि दोरी होती.

लोरेन पायरीवर बूट झटकत होता. "ते मत धरलं असतं ना, तर मीच आमदार होतो," तो माझ्या कानात म्हणाला. "आत्या बोलली नाही, पण मला कळतं."

आत डेनिस गोळ्यांची डबी भरत होती. गुरुवार होता. राजधानीत अधिवेशन चालू होतं. लोरेन बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "पिंजऱ्याची गरजच नव्हती, नेव्हिन. आत्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या लक्षात आलं." मग तिने बशीतलं बीटच्या रसातलं अख्खं अंडं खाल्लं आणि फार छान झालंय म्हणाली.

दोघं गेल्यावर आत्याने माझ्यापुढे ॲपल-पायचा तुकडा सरकवला.

"तो कागद कुठंय आता?"

"माझ्याकडच्या कपाटात. बावीस महिने ठेवायचा, मग कागद फाडायच्या यंत्रात घालायचा."

"किल्ली?"

"माझ्याच खिशात."

"बघितलास?"

"नाही."

"पण बघावासा वाटतो."

"रोज, आत्या. जेवणाच्या सुट्टीत जास्त."

तिने मान डोलावली, चष्मा लावला, पत्रावर सही केली आणि शेजारी तारीख घातली. १४ मार्च १९४३. मी तारखेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पत्र घडी करून ठेवलं.

मी दाराशी पोचलो तेव्हा तिने हाक मारली.

"नेव्हिन, पुढच्या खेपेला आतली पाकिटं दोन पाठव. घेवड्याचं बीही ठेवायचंय."