जड स्थळ

रंगनाथ बोरस्त्यांच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट इतकी सावकाश उघडायची, की तेवढ्या वेळात एखाद्याचं परस्पर जमून जावं. चौकशा निम्म्यावर आल्या, तेव्हा ती सुधारायला सल्लागार नेमायचं ठरलं. नाव तेजस्विनीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, मंडळाच्याच यादीतून काढलं. मयूर निकम, वय एकोणचाळीस, काम वेबसाइटचंच, पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट, अपेक्षा : मुलगी समजूतदार हवी.

तेजस्विनी अडतीसची. इंदिरानगरच्या त्या ऑफिसात बसून तिने लोकांची सहाशे अकरा लग्नं जमवली होती. स्वतःसाठी पोहे मात्र बावीसदा करून झाले होते.

"एका खर्चात दोन कामं," बाप म्हणाला. "पसंत पडली तर फीसुद्धा घरातच राहील."

तेविसावे पोहे मयूरपुढे आले. बिचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक मोठ्या मनाचं आहे. त्याने दुसरी प्लेटही मागून घेतली. मोरपिशी साडीतल्या तेजस्विनीला तो शुभशकुन वाटला.

रंगनाथरावांना 'वेबसाइट' हा शब्द खपत नसे. 'संकेतस्थळ' म्हणायचं, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. मयूरची जीभ त्यावर अडखळायची, म्हणून तो नुसतं 'स्थळ' म्हणायचं ठरवून आला होता.

"मग, कसं वाटलं स्थळ?" रंगनाथरावांनी घसा खाकरून विचारलं.

"खरं सांगू का काका? जड आहे."

तेजस्विनीने पदर सारखा केला. जड म्हणजे तोलामोलाचं, असंही असतं.

"शिवाय जुनं झालंय. दहा वर्षांत तुम्ही काही केलेलंच दिसत नाही."

"प्रयत्न पुष्कळ केले हो!"

"लोक येतात, बघतात आणि चार सेकंदांत निघून जातात."

"चार सेकंदांत कसे?" रंगनाथराव दुखावले. "चांगले चहा पिऊन जातात!"

मयूर गोंधळला. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा ना. पहिल्याच पानावर हा एवढा मोठा फोटो. सगळा वेळ हाच खातो. शंभरातले नव्वद इथूनच मागे फिरतात. कोण आहेत या बाई?"

विचारता विचारता त्याने वर पाहिलं. फोटो दहा वर्षांपूर्वीचा, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला.

"अरेच्चा! सॉरी हं, ताई."

ताई म्हटलं, तिथे विषय मिटला. सहाशे अकरा लग्नं जमवणाऱ्या बाईला एवढं कळतं. तिने बापाकडे पाहिलं. दहा वर्षांपूर्वी तो फोटो त्यांनीच हौसेने वर लावला होता. राहू द्या, एवढं तरी ते म्हणतील असं तिला वाटलं.

"काढला तर किती फरक पडेल?" त्यांनी मयूरला विचारलं.

"दुपटीने पळेल."

"काढ गं."

फोटो तिच्या नावनोंदणीला जोडलेला, म्हणजे नावच खोडावं लागणार होतं. पासवर्ड तिच्याकडेच. नाव खोडायला घेतलं, तर कॉम्प्युटरने कारण विचारलं. दोनच पर्याय : विवाह जमला, सदस्याचे निधन. दोन पुरेत, असं त्या वेळी तिनेच ठरवलं होतं.

"काहीही टाका, ताई. ते कुणी वाचत नाही," मयूर म्हणाला.

"काहीही कशाला?" रंगनाथराव पुढे सरकले. "विवाह जमला टाक. आपला आकडा वाढतो."

सहाशे बारा झाले.

रंगनाथरावांचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून ते मयूरजवळ सरकले. "आता तुमचं बघू, मयूरराव. चांदवडची निकिता म्हणून मुलगी आहे. एकतिसावं चालू. तेजू, दाखव बरं यांना."

तेजस्विनीने बटण दाबलं. निकिताचा फोटो पापणी लवायच्या आत उघडला.

"वा!" मयूर म्हणाला.

फोटोला म्हणाला की वेगाला, हे तिने विचारलं नाही. प्लेटा उचलून ती आत गेली.