खिडकीपुढच्या खुर्च्या

आमच्या घरात उजेड मुहूर्त बघून येतो. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा, आणि गोदाम म्हणजे आमचीच पुढची खोली. लग्नसराईत खुर्च्या जळगावभर फिरतात, तेव्हा घर घरासारखं दिसतं. आषाढात देव झोपले की लग्नं बंद, आणि बठ्ठ्या, झाडून सगळ्या खुर्च्या घरी. गल्लीकडच्या एकुलत्या एका खिडकीपुढे छतापर्यंत थप्प्या लागतात. दारातूनसुद्धा अंग चोरून बाहेर पडावं लागतं. दुसरं गोदाम बघा म्हटलं, की आबांचं उत्तर ठरलेलं, "गणपती आले की निघतील." गणपती दर वर्षी येतात, गोदाम काही येत नाही.

समोरच्या पुष्पाबाई रोज सकाळी त्या बंद खिडकीवर टकटक करायच्या. "मयुरी, जित्ती शे का वं?" जिवंत आहे म्हणून मी आतून ओ द्यायची. दिवसभरात माझी चौकशी करणारं तेवढंच माणूस.

या दिवसांत खुर्च्या निघतात त्या फक्त मयताला. दुखवट्याच्या घरी आबा न मागता खुर्च्या पाठवतात, भाडं घेत नाहीत. तेवढे दिवस खिडकी मोकळी होते. त्यामुळे गल्लीत कुणी आजारी पडलं, की माझं मन नको तिकडे जातं.

आज टकटक झाली नाही. थोड्या वेळाने समोरून रडणं ऐकू आलं.

"हितेंद्र," आबांनी ह्यांना हाक मारली, "खिडकीजवळच्या खुर्च्या काढ. पुष्पाबाई गेल्या."

थप्पी हलली. फरशीवर उजेडाची पट्टी पडली. डोळ्यांत पाणी यायच्या आधीच माझा हात खिडकीच्या कडीवर गेला होता.